युद्ध पुकारणाऱ्यांकडून माणसांचा हिशेब कोण आणि कसा मागणार?

अर्धविराम

पहिले महायुद्ध ज्या रीतीने संपले, ती रीत मला त्याच्या आरंभापेक्षाही अधिक अस्वस्थ करते. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे पाचच्या सुमारास शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, पण ती अमलात येणार होती सकाळी अकरा वाजता. मधल्या सहा तासांत बातमी आघाड्यांवर पोचत होती, आणि तरीही काही सेनाधिकाऱ्यांनी आधी ठरवलेले हल्ले रद्द केले नाहीत. त्या एका दिवशी दोन्ही बाजूंची मिळून दोन हजारांहून अधिक माणसे मेली. जी ठाणी दुपारनंतर एकही गोळी न झाडता चालत जाऊन ताब्यात घेता आली असती, त्यांच्यासाठी ती मेली. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने पुढे या प्रकाराची चौकशी केली, साक्षी झाल्या, आणि कोणावरही कारवाई न होता प्रकरण मिटले.

म्हणजे हिशेब मागण्याची कल्पना नवी नाही. तो वसूल होत नाही, एवढेच. एखादा पूल कोसळला तर ठेकेदारापासून अभियंत्यापर्यंत सर्वांना जाब विचारला जातो. हजारो माणसांचा जीव घेणाऱ्या निर्णयाचा मात्र वार्षिक सोहळा तरी होतो, नाही तर तो सोयीस्करपणे विसरला जातो.

माझे म्हणणे असे आहे की, युद्धात उतरणाऱ्या प्रत्येक सरकारवर कायद्याने दोन बंधने असावीत. लढाई थांबल्यावर ठरावीक मुदतीत स्वतंत्र चौकशी आयोग नेमला जावा व त्याचा अहवाल संसदेपुढे यावा. आणि त्या अहवालात आपल्या सैनिकांबरोबरच समोरच्या बाजूच्या सामान्य नागरिकांचीही मोजदाद असावी. सभासदांना हे शक्य वाटते का? नसेल, तर नेमके अडते कुठे?

शंकासुर

पहिल्याच पायरीवर अडते. आयोग नेमणार कोण, तर ज्याची चौकशी करायची तेच सरकार.

माजी_लेखनिक

मी नोकरीची बरीच वर्षे एका पलटणीच्या कार्यालयात लेखनिक होतो. प्रत्यक्ष लढाई मी पाहिलेली नाही. तिचे कागद पाहिले आहेत. जवान मारला गेला की त्याच्या सामानाची यादी करण्यासाठी एक छोटी समिती बसते. सरकारी वस्तू भांडारात जमा होतात आणि खासगी वस्तू घरी पाठवल्या जातात. यादीत प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे लिहावी लागते: मनगटी घड्याळ एक, चालू, चष्मा एक, डावी दांडी दोऱ्याने बांधलेली, बँकेचे पुस्तक एक, पत्र एक, अपुरे. अपुऱ्या पत्राचा मजकूर यादीत लिहायचा नसतो, पण ते कोणाचे आहे याची खात्री करण्यासाठी उघडून पाहावे लागते, आणि एकदा पाहिले की ते वाचले जातेच. उसनवारीचा हिशेबही मिटवावा लागे. कोणाचे किती देणे होते आणि कोणाकडून किती येणे होते, ते सोबती येऊन सांगत. येणे सांगायला सहसा कोणी येत नसे. देणे मात्र सगळे आठवणीने सांगत.

अर्धविराम यांचा प्रश्न वाचून एवढेच मनात आले की खालच्या पातळीवर हा हिशेब चष्म्याच्या दांडीपर्यंत काटेकोर असतो. तुटलेली वस्तू तुटलेली अशीच लिहावी लागते आणि खाली तिघांच्या सह्या लागतात. वरच्या पातळीवरच्या निर्णयाखाली इतक्या नेमकेपणाने कोणाची सही असते, हे मला कधी कळले नाही.

वैनतेय

माजी_लेखनिक यांचा प्रतिसाद वाचून थांबलो होतो, तरीही मूळ मांडणीशी असहमती नोंदवणे आवश्यक वाटते. 'युद्ध पुकारणारे' असा एकच वर्ग कल्पून आपण त्याच्यावर राग काढतो. १९३९ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या, तेव्हा फिनलंडच्या नेत्यांपुढे कोणता पर्याय होता? त्याच्या साधारण वर्षभर आधी म्युनिकमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी हिटलरशी करार करून युद्ध टाळले, तेव्हा परतल्यावर त्यांचे जंगी स्वागत झाले. त्या टाळण्याची किंमत आधी चेकोस्लोव्हाकियाने आणि मग सगळ्या युरोपने मोजली. न लढण्याच्या निर्णयालाही माणसे बळी पडतात, आणि त्यांची मोजदाद कोणत्याच आयोगाला करता येत नाही.

दुसरे असे की नेत्यांना शिव्या देणे सोपे आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपच्या राजधान्यांतील रस्त्यांवर जयजयकार करणारी गर्दी कोणाची होती? जर्मनीतील ज्या समाजवादी पक्षाने वर्षानुवर्षे युद्धविरोधाचे ठराव केले, त्याच पक्षाच्या सदस्यांनी ४ ऑगस्टला युद्धकर्जाच्या बाजूने मत दिले.

मृदुला_क

वैनतेय, गर्दीचा मुद्दा अर्धाच खरा आहे. त्याच महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी आघाड्यांवर गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. त्यांना ना मताधिकार होता, ना युद्ध पुकारणाऱ्या सरकारात कोणी प्रतिनिधी. १९३९ मध्ये तर व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील नेत्यांना न विचारताच देश युद्धात असल्याचे जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्या जयजयकारात ही माणसे कुठेच नव्हती.

लादलेल्या युद्धाविषयी मात्र आपण इराण-इराक युद्धाकडे पाहू. १९८० मध्ये हल्ला इराकने केला, त्यामुळे इराणला लढावेच लागले, हे मान्य. पण मे १९८२ मध्ये इराणने खोर्रमशहर परत घेतले आणि इराक माघारीला व युद्धबंदीला तयार झाला. तेथे थांबता आले असते. खोमेनी यांनी युद्ध पुढे चालू ठेवले. सुरक्षा परिषदेचा युद्धबंदीचा ठराव जुलै १९८७ मध्ये आला. तो स्वीकारायला तेहरानला आणखी एक वर्ष लागले, आणि स्वीकारताना आपण विषाचा प्याला घेत आहोत अशी भाषा झाली. विष प्यायल्याची भावना नेत्याची होती. मधल्या सहा वर्षांत सुरुंगांच्या शेतांतून पोरसवदा मुले चालत गेली, आणि सीमा शेवटी जवळजवळ होती तिथेच राहिली.

म्हणून मला युद्ध कोणी सुरू केले यापेक्षा ते थांबवण्याची पहिली खरी संधी कोणत्या दिवशी आली आणि ती कोणी नाकारली, हा प्रश्न अधिक नेमका वाटतो. स्वसंरक्षणाचे युद्धही त्यातून सुटत नाही.

टिपणवही

मृदुलाताईंच्या मुद्द्याला एक जोड. व्हिएतनाम युद्धाच्या पॅरिस वाटाघाटी १९६८ च्या अखेरीस वेग घेण्याच्या बेतात असताना सर्व पक्षांचे एका गोष्टीवर अडले: टेबल चौकोनी असावे की गोल. या वादात सुमारे दहा आठवडे गेले. शेवटी मोठे गोल टेबल आणि बाजूला दोन लहान चौकोनी टेबले असा तोडगा निघाला. सुतारालाच वाटाघाटीसाठी पाठवले असते तर दुसऱ्या दिवशी करार झाला असता.

वैनतेय

विनोद म्हणून ठीक, पण तो वाद लाकडाचा नव्हता. कोणाला स्वतंत्र पक्ष म्हणून मान्यता द्यायची, हा त्यामागचा प्रश्न होता आणि त्यावरच युद्ध चालले होते.

टिपणवही

ते ठाऊक आहे, आणि म्हणूनच तो किस्सा मला केवळ विनोदी वाटत नाही. मान्यतेचा प्रश्न खरा होता. पण तो सुटेपर्यंत गोळीबार थांबवू, असे कोणीही म्हटले नाही. कोरियात हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि करार झाला जुलै १९५३ मध्ये. बराच काळ अडून राहिलेला मुद्दा होता युद्धकैद्यांच्या परतीचा: इच्छा नसलेल्यांना परत पाठवायचे की नाही. मुद्दा माणुसकीचा होता, हे मी नाकारत नाही. पण त्या दोन वर्षांत आघाडी फारशी हलली नाही आणि टेकड्यांसाठी माणसे मरत राहिली. ज्या कुटुंबांची तेव्हा ताटातूट झाली, त्यांच्यापैकी काहींना भेटीची संधी मिळाली ती थेट २००० पासून, तीही काही दिवसांपुरती, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्यांना. दक्षिणेत नाव नोंदवलेल्या एक लाख तीस हजारांहून अधिक माणसांपैकी बहुतेक जण वाट पाहतच गेले.

सांख्यिक

मोजदादीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मूळ प्रश्नातील तो भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

पानिपतावरून आलेला निरोप आपल्याला सर्वांना पाठ असतो. मोती किती गळाले आणि मोहरा किती हरवल्या याचे आकडे त्यात आहेत. रुपये-खुर्द्याची गणती नाही. १७६१ मधील सांकेतिक भाषा म्हणून आपण तिचे कौतुक करतो, पण सरकारांची मोजण्याची पद्धत आजही बरीचशी तीच आहे. इराक युद्धात ब्रिटनचे १७९ सैनिक मृत्युमुखी पडले. हा आकडा शेवटच्या माणसापर्यंत अचूक आहे. इराकी नागरिक किती मेले याचा आकडा मात्र काही स्वयंसेवकांनी २००३ पासून वृत्तपत्रांतील बातम्या जुळवून जमवायला घेतला, कारण चढाई करणाऱ्या सरकारांनी ते काम अंगावर घेतले नाही. इराक युद्धाविषयीच्या ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीनेही पुढे याबद्दल सरकारला दोष दिला.

मोजदाद झाली की खोटेपणा दोन्ही बाजूंचा उघडा पडतो, हे बोस्नियाने दाखवले. १९९२ ते १९९५ च्या युद्धातील मृतांचा आकडा दोन लाख किंवा त्याहूनही अधिक असल्याचे अनेक वर्षे सांगितले जात होते. साराजेव्होतील एका संशोधन केंद्राने एकेक नाव तपासून यादी केली आणि २००७ मध्ये सुमारे ९७ हजार नावे पुढे आली. आकडा निम्म्याहून खाली आल्याने काही जण संतापले. पण त्या यादीतील नागरिकांमध्ये बहुसंख्य बोस्नियन मुसलमान होते, हेही तिनेच निर्विवाद केले, आणि 'सगळ्यांनीच सगळ्यांना मारले' हा बचाव तेथे टिकला नाही.

स्रेब्रेनिकात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुले मारली गेली. पुरावा लपवण्यासाठी काही आठवड्यांनी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून प्रेते दुसरीकडे नेण्यात आली. त्या उकराउकरीत शरीरे तुटली आणि एकाच माणसाची हाडे दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळू लागली. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवून ओळख पटली की कुटुंबाला विचारावे लागते: जेवढे मिळाले तेवढ्यावर दफन करायचे, की आणखी काही सापडण्याची वाट पाहायची? काही घरांनी वाट पाहिली. काहींनी दफन केले आणि पुढे आणखी अवशेष सापडल्यावर कबर पुन्हा उघडावी लागली. मोजदाद म्हणजे नुसता तक्ता भरणे नव्हे. त्यामागे हे असे काम असते.

शंकासुर

सांख्यिक यांनी चिलकॉटचे नाव काढलेच आहे, तर माझा संशय त्यावरच नेतो. चौकशी २००९ मध्ये सुरू झाली आणि अहवाल आला जुलै २०१६ मध्ये: १२ खंड, सुमारे २६ लाख शब्द. अहवाल परखड होता. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्धात उतरल्याचे त्यात स्पष्ट म्हटले होते. परिणाम काय झाला? टोनी ब्लेअर यांनी त्याच दिवशी दीर्घ पत्रकार परिषद घेऊन खंत व्यक्त केली आणि त्याच दमात निर्णयाचे समर्थनही केले. ज्या चौकशीच्या शेवटी फक्त खंत निघते, तिचा नेत्यांना धाक कसा वाटावा?

कारागीर_पाऊल

मी कृत्रिम अवयव बनवण्याच्या कामात आहे. येथे 'युद्ध संपल्यावर' हा शब्दप्रयोग अनेकांनी केला आहे, म्हणून लिहितो. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातील गुच्छबॉम्बमधून विखुरलेल्या सुमारे २७ कोटी लहान बॉम्बांपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. युद्ध थांबल्यानंतर त्यांनी वीस हजारांहून अधिक माणसांना मारले किंवा जायबंदी केले आहे. त्यांत मुले बरीच आहेत, कारण तो बॉम्ब चेंडूएवढा असतो.

प्रौढ माणसाला पाय बसवला की तो काही वर्षे चालतो. लहान मुलाचे तसे नसते. मूल वाढते, त्यामुळे सहा महिन्यांनी किंवा वर्षभराने पाय पुन्हा मापून नवा करावा लागतो. शिवाय कापलेल्या टोकाकडे हाड त्वचेपेक्षा वेगाने वाढते आणि आतून टोचू लागते. कधी कधी ते त्वचा फाडून बाहेर येते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून छाटावे लागते. एकाच मुलाचे हे वयात येईपर्यंत अनेकदा होऊ शकते. मापाला आलेले मूल पायाचा साचा पाहूनच ओळखते की आता पुन्हा दवाखाना आला, आणि आईच्या मागे लपते. ज्यांनी बॉम्ब टाकायचा निर्णय घेतला, ते केव्हाच निवृत्त होऊन आत्मचरित्रे लिहून गेले. तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी १९९५ मध्ये व्हिएतनामबाबत आपले भयंकर चुकल्याचे लिहिले, म्हणजे दक्षिण व्हिएतनामची राजधानी सैगॉन पडून युद्ध संपल्यानंतर वीस वर्षांनी. आयोगाच्या अहवालाची मुदत ठरवताना या वाढत्या हाडाचाही विचार व्हावा. दोन वर्षांत बंद होणारी मोजदाद अपुरीच राहील.

निशिगंध

माझा भाऊ सैन्यातून सहीसलामत परत आला, निदान कागदावर तरी. झोप गेली, बोलणे गेले, आणि घरात कोणी मागून चालत आले तरी तो भिंतीला पाठ लावून उभा राहू लागला. एका कार्यालयात मदतीसाठी अर्ज करायला गेलो, तेव्हा त्या अर्जावर 'जखमेचे स्थान' असा रकाना होता. मी 'मन' असे लिहिले. समोरच्या कारकुनाने सभ्यपणे सांगितले की यादीत असलेल्या अवयवांपैकीच एक लिहावे लागेल. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

अमेरिकेत २०२१ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या युद्धखर्च प्रकल्पाने काढलेला अंदाज असा होता की ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या युद्धांत सात हजारांच्या आसपास अमेरिकी सैनिक मारले गेले, तर त्या काळातील सेवेतल्या व निवृत्त सैनिकांपैकी सुमारे ३० हजारांनी आत्महत्या केली. दुसरा आकडा स्मारकांवर कोरला जात नाही. सांख्यिक, तुमच्या तक्त्यात हे कोठे बसते?

संपादक

सध्या चालू असलेल्या युद्धांतील पक्षांवर आणि आपल्याकडील पक्षीय राजकारणावर घसरलेले काही प्रतिसाद काढून टाकले आहेत. संताप समजण्यासारखा आहे. वैयक्तिक शेरेबाजी नाही. मूळ विषयावर राहावे.

वैनतेय

शंकासुर यांना एक उदाहरण देतो, जे माझ्याच आधीच्या म्हणण्याच्या विरोधात जाते. १९८२ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटे घेतली. देशात गर्दी लोटली, राजवटीला नावे ठेवणारेही चौकात जमले. दहा आठवड्यांनी शरणागती झाली तेव्हा अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक मरण पावले होते. अर्जेंटिनाच्या मृतांत अपुरे कपडे आणि अपुरे प्रशिक्षण घेऊन गेलेले सक्तीच्या भरतीचे कोवळे तरुण पुष्कळ होते. जनरल गाल्तिएरी यांना काही दिवसांतच पायउतार व्हावे लागले. पुढे रातेनबाख आयोगाने चौकशी करून अतिशय कठोर अहवाल दिला, आणि १९८६ मध्ये गाल्तिएरी यांना युद्ध हाताळण्यातील गुन्ह्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा झाली. म्हणजे हे होऊ शकते.

शंकासुर

आणि १९८९ मध्ये त्यांना माफी मिळाली. तो अहवाल सरकारने अधिकृतपणे खुला केला २०१२ मध्ये. शिवाय शिक्षा झाली ती युद्ध नीट न हाताळल्याबद्दल; ते सुरू केल्याबद्दल नव्हे. जिंकले असते तर चौकाचौकांत पुतळे उभे राहिले असते.

मृदुला_क

हे खरे असले तरी त्याच युद्धाचा पुढचा भाग अर्धविराम यांच्या बाजूने जातो. बेटांवरील डार्विनच्या दफनभूमीत अर्जेंटिनाच्या शंभराहून अधिक सैनिकांच्या कबरींवर नावच नव्हते. 'केवळ देवाला ठाऊक असलेला अर्जेंटिनाचा सैनिक' एवढेच कोरले होते. दोन्ही सरकारांच्या संमतीने २०१७ मध्ये रेड क्रॉसच्या तज्ज्ञांनी त्या कबरी उघडून नमुने घेतले आणि नंतर त्यांपैकी बहुतेकांची ओळख पटली. बेटांच्या मालकीचा वाद तसाच ठेवून हे काम झाले. राजकीय प्रश्न सुटेपर्यंत माणसे शोधायची नाहीत, हा बहाणा त्यामुळे उरत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी मृतांचा शोध घेणे, त्यांची ओळख नोंदवणे आणि ती माहिती समोरच्या पक्षाला कळवणे हे बंधन आधीच घातले आहे. नवा कायदा करण्याआधी सह्या केलेला जुना पाळायला लावावा.

अर्धविराम

चर्चा मी मांडलेल्या दोन बंधनांच्या पलीकडे गेली, याचा आनंद आहे. शंकासुर यांचा पहिल्या दिवसाचा प्रश्न मात्र अजून उभा आहे, म्हणून मसुद्यात बदल सुचवतो. आयोग सरकारने नेमायचाच नाही. युद्धाला किंवा युद्धखर्चाला मंजुरी देणाऱ्या मूळ ठरावातच आयोगाची रचना, मुदत आणि कागदपत्रे पाहण्याचा त्याचा अधिकार लिहिलेला असावा, म्हणजे मंजुरी हवी असेल तर चौकशीही आपोआप मान्य करावी लागेल. शिवाय मतदान नावानिशी नोंदवले जावे. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध १ अशा मतांनी जपानविरुद्धचे युद्ध मंजूर झाले. विरोधातील एकटे मत जीनेट रँकिन यांचे होते, आणि ते बरोबर की चूक यावर आजही वाद घालता येतो. पण निदान कोणाशी वाद घालायचा ते ठाऊक आहे. माजी_लेखनिक यांनी विचारलेली सही ती हीच.

निशिगंध, रकान्याचा मुद्दा मसुद्यात येईल.

वैनतेय

या स्वरूपात मला विरोध करणे कठीण जाते. फक्त अचानक हल्ला झाल्यास ठराव नंतर होईल, एवढी सवलत ठेवावी लागेल.

शंकासुर

त्या सवलतीतून पुढची सगळी युद्धे निघून जातील. १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात न झालेला दुसरा हल्ला दाखवूनच अमेरिकी काँग्रेसकडून मोकळी परवानगी मिळवली होती.

सांख्यिक

निशिगंध यांनी विचारले ते बरोबर आहे, आणि त्याहूनही अवघड असा एक रकाना बाकी आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला, तेथून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारपट्टीवरील नावा सरकारने जप्त केल्या किंवा मोडल्या, तांदळाचे साठे हलवले. लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने धान्यासाठी पुरेशी जहाजे सोडली नाहीत. १९४३ च्या त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेल्याचे अंदाज आहेत. त्यांच्यावर कोणी गोळी झाडली नव्हती, आणि बंगालमध्ये तेव्हा आघाडीही नव्हती. युद्धातील मृतांच्या बहुतेक याद्यांत ती सापडत नाहीत. अर्धविराम, तुमच्या मसुद्यात भूक, साथीचे रोग आणि आत्महत्या यांतील मृत्यू मोजायचे असतील तर युद्धापूर्वीच्या काही वर्षांचा मृत्युदर आधी हाताशी लागेल आणि आयोगाला जनगणनेची कच्ची आकडेवारी मागण्याचा अधिकार द्यावा लागेल. तेवढे कलम घालून मसुदा पुन्हा येथे टाका. मुदतीवर आणि वैनतेय यांच्या सवलतीवर त्यानंतर भांडू.